गालाड्रिएल : झाड की झळाळी?

हॉस्टेलवर 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' किती वेळा लागतो याची मोजदाद आता कुणी ठेवत नाही. सबमिशन संपलं, की कुठल्यातरी रूममध्ये लॅपटॉप टेबलावर चढतो, खाली गाद्या पसरल्या जातात आणि रात्री दीडच्या सुमारास ते लोरिएनचं जंगल येतं. पांढऱ्या वेशातली, सोनेरी केसांची गालाड्रिएल जिना उतरून खाली येते. (२००१ च्या सिनेमात केट ब्लँचेट, आणि २०२२ च्या मालिकेत तरुणपणीची मॉर्फिड क्लार्क.) मग कुणीतरी हमखास विचारतं, "या नावाचा अर्थ काय गं?"

उत्तरं दोन मिळतात. एक गट म्हणतो, 'झाडांची राणी'. दुसरा गट म्हणतो, 'तेजाची माळ ल्यालेली'. पहिलं उत्तर चटकन पटतं, कारण बाई राहते जंगलात, तिचे लोक झाडांवर मचाणं बांधून राहतात आणि एल्फ लोकांच्या भाषेत झाडाला जवळजवळ तसाच शब्द आहे. तरीही बरोबर आहे ते दुसरं. आणि पहिलं का चूक आहे हे शोधायला गेलं, की वेल्श व्याकरण, डिजिटल इलेक्ट्रॉनिक्स, आपलं संगमनेर आणि एका भाषेवर आलेली बंदी एवढ्या सगळ्या गोष्टी वाटेत भेटतात. म्हणून हा लेख.

आधी भाषा, मग गोष्ट

जे. आर. आर. टोल्किन (१८९२–१९७३) हा पेशाने कादंबरीकार नव्हताच. तो भाषाशास्त्रज्ञ. १९१९-२० मध्ये ऑक्सफर्डच्या प्रसिद्ध इंग्रजी शब्दकोशात 'डब्ल्यू'पासून सुरू होणाऱ्या शब्दांच्या व्युत्पत्तीवर त्याने काम केलं, आणि १९२५ ते १९५९ अशी चौतीस वर्षं तो ऑक्सफर्डमध्ये प्रोफेसर होता. भाषा बनवणं हा त्याचा लहानपणापासूनचा नाद. आपण वहीच्या मागच्या पानांवर चित्रं काढतो, हा शब्द आणि विभक्त्या काढायचा! या भाषा बोलायला कुणीतरी हवं, त्या लोकांना काही इतिहास हवा, म्हणून गोष्टी आल्या असं तो स्वतः सांगत असे. १९५४-५५ साली तीन खंडांत निघालेली ती कादंबरी म्हणजे एका अर्थी या भाषांचं राहायचं घर.

त्याच्या एल्फ-भाषांपैकी दोन मुख्य. क्वेन्या ही जुनी, ग्रंथांतली, मानाची भाषा. तिची घडण त्याने फिनिश भाषेच्या नादावर केली. सिंडारिन ही रोजच्या बोलण्यातली. तिच्यामागे वेल्श भाषा आहे. लहानपणी रेल्वेच्या कोळशाच्या वाघिणींवर लिहिलेली वेल्श गावांची नावं पाहून तो त्या भाषेच्या प्रेमात पडला होता. या दोन्ही भाषा एकाच जुन्या भाषेच्या पोटी जन्मल्या असं त्याने मानलं. जशा मराठी आणि गुजराती, दोघींची आजी एक. त्यामुळे क्वेन्यातला शब्द सिंडारिनमध्ये कसा दिसेल याचे ठरलेले नियम आहेत. टोल्किनच्या जगात नाव केवळ कानाला गोड लागतं म्हणून ठेवता येत नाही. त्याला नियमांतून पास व्हावं लागतं.

दोन शब्द, एक नियम

वादाचं मूळ दोन सिंडारिन शब्दांत आहे. एक 'गालाड', म्हणजे तेज, झळाळी. दुसरा 'गालाद', म्हणजे झाड. रोमन लिपीत पहिल्याच्या शेवटी 'डी' येतो आणि दुसऱ्याच्या शेवटी 'डी-एच'. हा 'डी-एच' दिसला की आपण लगेच 'ध' वाचतो, पण तो 'ध' नाही. टोल्किनने कादंबरीच्या परिशिष्टात स्पष्ट करून ठेवलंय की हा उच्चार इंग्रजी 'दीज', 'दोज' या शब्दांच्या सुरुवातीचा आहे. म्हणजे जीभ दातांशी नेऊन फटीतून हवा सोडायची, पण आवाज घशातून काढायचा. आपण मराठीत तो 'द'ने लिहितो. (आपला खरा 'द' जिभेने वाट पूर्ण अडवून काढलेला असतो. पण लिहिताना चालतं.)

आता हे दोन शब्द आले कुठून? क्वेन्यात तेजाला 'आलाटा' म्हणतात आणि झाडाला 'आल्डा'. मूळ भाषेत दोन्हींच्या सुरुवातीला 'ग' होता. क्वेन्याने तो गाळला, सिंडारिनने ठेवला. पण सिंडारिनने दुसरीच एक गंमत केली. दोन स्वरांच्या मध्ये सापडलेलं व्यंजन तिने मऊ केलं : 'ट'चा झाला 'ड', 'ड'चा झाला घासून येणारा 'द', आणि 'ग' तर विरूनच गेला. नंतर शब्दाच्या शेवटचा स्वर गळाला. आता ढोबळ हिशोब मांडू या.

तेज : गालाटा → गालाडा → गालाड
झाड : गालाडा → गालादा → गालाद

नीट बघा. 'तेज' हा शब्द मधल्या पायरीवर असताना थेट 'झाड' या शब्दाच्या सुरुवातीच्या रूपासारखा दिसतो. मग ते दोघे एकमेकांवर आदळले का नाहीत? कारण 'ट' एक पाऊल पुढे सरकण्याआधी, किंवा निदान त्याच वेळी, 'ड'ने आपली जागा रिकामी केली होती. दुसऱ्या वर्षाला शिफ्ट रजिस्टर शिकलेल्यांना हे चित्र लगेच दिसेल. प्रत्येक फ्लिप-फ्लॉपमधला बिट एकाच क्लॉकला पुढच्या खोलीत जातो, म्हणून कुणाचा डेटा कुणावर लिहिला जात नाही. क्लॉक चुकला तर सगळा घोळ. भाषेत क्लॉकचा एक ठोका शे-दोनशे वर्षांचाही असू शकतो, एवढाच फरक!

हा नियम टोल्किनने हवेतून काढलेला नाही. तो सरळ वेल्शमधला आहे. वेल्शमध्ये बापाला 'टाड' म्हणतात, पण आधी 'तुझा' हा शब्द आला की त्याचा 'डाड' होतो. दाताला 'डांट' (आणि हो, आपल्या 'दंत'शी त्याचं खरोखरीच नातं आहे!), पण 'तुझा दात' म्हणताना त्या 'ड'चा इंग्रजी 'दीज'मधला 'द' होतो. बागेच्या शब्दाच्या सुरुवातीला 'ग' आहे. 'तुझी बाग' म्हटलं की तो 'ग' गायब. ट, ड, ग... तंतोतंत तेच तीन बदल. वेल्श लोक हा घासलेला 'द' दोन 'डी' जोडून लिहितात, टोल्किनने 'डी-एच' लिहिला.

आणि 'रिएल'?

नावाचा उत्तरार्ध 'रिएल'. मूळ धातू 'रिग्', म्हणजे गुंफणे, वेणी किंवा माळ वळणे. वर सांगितलंच, की दोन स्वरांत अडकलेला 'ग' टिकत नाही. म्हणून 'रिग्'चा उरला 'रि'. 'रिएल' म्हणजे सणासमारंभाला डोक्यावर माळ घातलेली मुलगी. दोन्ही भाग जोडले की अर्थ होतो : झळाळत्या माळेचा मुकुट असलेली कन्या. आणि ही माळ म्हणजे फुलांची नव्हे, तिचे स्वतःचे केस. क्वेन्यात या नावाचं रूप 'आल्टारिएल'.

टोल्किनच्या मृत्यूनंतर त्याचा मुलगा ख्रिस्तोफर याने १९७७ मध्ये 'सिल्मारिलिअन' प्रसिद्ध केलं. त्याच्या शेवटी नावांच्या घटकांची यादी आहे, आणि तिथे हे नाव चमकणे या अर्थाच्या धातूखाली घातलंय. त्याच ओळीत आणखी एक ओळखीचं नाव सापडतं : गिल-गालाड. सौरॉनशी लढून पडलेला एल्फ राजा. 'गिल' म्हणजे तारा. त्याचं चिलखत आणि ढाल लांबून ताऱ्यासारखी चमकायची म्हणून हे नाव पडलं. त्याला कुणी 'तारा-झाड' म्हणत नाही. मग गालाड्रिएललाच झाड का चिकटलं?

चूक कुणी केली?

याला भाषाशास्त्रात लोकव्युत्पत्ती म्हणतात. अनोळखी शब्द कानावर पडला, की लोक त्यात ओळखीचा शब्द शोधतात, आणि तो सापडला नाही तर शब्दच थोडा वाकवून घेतात. आपल्याकडचं ठळक उदाहरण म्हणजे 'बॉम्बे'. पोर्तुगीज भाषेत 'चांगलं आखात' यावरून हे नाव आलं असं आजही ठोकून सांगितलं जातं. पण पोर्तुगीजमध्ये आखात हा शब्द स्त्रीलिंगी आहे, त्यामुळे त्याच्या आधी 'बॉम' लागणार नाही, 'बोआ' लागेल. मुंबादेवी तिथेच आहे, तिच्याकडे बघायला मात्र वेळ नसतो.

गालाड्रिएलच्या बाबतीत लोकव्युत्पत्ती कथेच्या आतच घडते. ती लोरिएनमध्ये राहायला आली तेव्हा तिथल्या रहिवाशांचं नाव 'गालाद्रिम', म्हणजे झाडांचे लोक. त्यामुळे लोरिएनच्या बाहेर, जुना इतिहास विसरलेल्या लोकांच्या तोंडी हिचं नाव 'गालाद्रिएल' होऊन बसलं. झाडांच्या लोकांत राहणाऱ्या बाईचं नावही झाडाचंच असणार, असं त्यांना वाटलं असेल. चूक खरी, पण समजण्यासारखी.

वाचकांचा गोंधळ वाढवायला छपाईनेही हातभार लावला. 'डी-एच' इंग्रजी डोळ्यांना ओबडधोबड दिसेल या भीतीने टोल्किनने सुरुवातीला कादंबरीच्या मजकुरात झाडवाल्या शब्दांतही साधा 'डी'च लिहिला. म्हणजे झाडाचे लोक आणि तेजाची बाई, दोघांची अक्षरं सारखीच! पुढे त्याचं मत बदललं आणि नंतरच्या छपायांत ते शब्द दुरुस्त झाले. तोपर्यंत गाडी पुढे गेली होती.

आणि खरी गंमत तर पुढेच आहे. १९८९ मध्ये ख्रिस्तोफरने वडिलांचे कच्चे खर्डे छापले. त्यात दिसतं, की लोरिएनची प्रकरणं पहिल्यांदा लिहीत असताना टोल्किन या बाईसाठी जी नावं घडवून बघत होता, त्यांत एकाचा अर्थ सरळ सरळ 'झाडांची स्वामिनी' असा होता! म्हणजे लेखकानेही आधी झाडच बघितलं होतं. नंतर तो अर्थ त्याने सोडला, पण फाडून फेकला नाही; लोरिएनबाहेरच्या लोकांची गैरसमजूत म्हणून कथेतच ठेवून दिला. आपला प्रोग्रॅम चालला नाही की आपण तो डिलीट करतो. हा माणूस जुना कोड कथेतल्या पात्रांच्या नावावर लावतो.

संगमनेर आणि कदम

आता तुम्ही म्हणाल, परक्या भाषेतल्या परक्या नावाचं आपल्याला काय? पण हा मऊ करण्याचा नियम आपल्या घरातला आहे. संस्कृत 'पाद' आणि मराठी 'पाय', 'माता' आणि 'माय' यांच्यामध्ये प्राकृत उभी आहे, आणि तिने दोन स्वरांमधले त, द, ग असेच विरघळवले. 'नगर'मधला 'ग' गेला आणि 'नेर' उरलं. संगमनेर, पारनेर, अंमळनेर या नावांच्या शेपटीला आज तेच नगर बसलंय असं मानतात. 'रिग्'चं 'रि' आणि 'नगर'चं 'नेर', शस्त्रक्रिया एकच. ज्यांना चटक लागेल त्यांनी कृ. पां. कुलकर्णींचा 'मराठी व्युत्पत्ति कोश' (१९४६) चाळावा. तासभर कसा जातो कळत नाही.

लिपीचा मुद्दा तर त्याहून जवळचा. रोमनमध्ये ड आणि द दोघांना एकच 'डी'. म्हणून तर इथे बाहेरच्या राज्यातून आलेली मुलं पहिल्या सेमिस्टरला हजेरीत 'कदम'चा 'कडम' करतात, आणि सगळी कागदपत्रं इंग्रजीत असल्यामुळे ते खोडायला काही पुरावाही नसतो. माझ्यासारख्या कॉन्व्हेंटमधून आलेल्यांची तर नावं आधी स्पेलिंगमध्येच पाठ झालेली असतात. टोल्किनला ज्या दोन ध्वनींसाठी परिशिष्ट लिहावं लागलं, ते देवनागरीत इंग्रजी लिहिण्याच्या आपल्या साध्या सवयीने वेगळे होतात. 'डे' लिहितो ड ने, 'दे' लिहितो द ने. त्या हिशोबाने नाव 'गालाड्रिएल' लिहिलं की तेज, आणि 'गालाद्रिएल' लिहिलं की झाड. एका अक्षरात निकाल! (उच्चारताना जोर 'ला'वर द्या. सिनेमात बरोबर म्हणतात.)

तीन नावं आणि एक बंदी

नाव तिला मिळालं कसं, हा भाग मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो.

तिला आणखी दोन नावं होती. वडील फिनार्फिन यांनी ठेवलेलं 'आर्टानिस', म्हणजे कुलीन स्त्री. आई एआर्वेनने ठेवलेलं 'नेर्वेन', म्हणजे पुरुषासारखी कन्या; कारण ती उंचीला आणि ताकदीला पुरुषांच्या बरोबरीची होती. तिसरं नाव तिच्या प्रियकराने दिलं, ज्याच्याशी पुढे तिचं लग्न झालं. टोल्किनने शेवटच्या वर्षांत लिहिलेल्या टिपणांनुसार तो टेलेरी कुळातला टेलेपोर्नो. (मागच्या बाकावरून जो आवाज यायचा तो आला असेल, तर पुढे जाऊ. अर्थ 'रुपेरी, उंच' असा साधा आहे, आणि सिंडारिनमध्ये त्याचाच केलेबोर्न होतो.) त्याने आपल्या बोलीत तिला 'आलाटारिएल' म्हटलं.

पुढे ती समुद्रापलीकडून आलेल्या नोल्डोर लोकांबरोबर मध्य-पृथ्वीवर आली. तिथे सिंडारिन बोलणाऱ्यांचा राजा होता थिंगोल. नात्याने तिच्या आजोबांचा भाऊ. नोल्डोरनी येण्यापूर्वी त्याच्याच भाईबंदांचं रक्त सांडलं होतं, हे त्याला उशिरा कळलं. तेव्हा त्याने शिक्षा दिली ती तलवारीची नव्हती. त्याने आपल्या राज्यात क्वेन्या बोलायला बंदी घातली. आलेल्या लोकांना जगायचं तर सिंडारिन बोलावी लागली, आणि त्यांनी आपली नावंसुद्धा सिंडारिनमध्ये बदलून घेतली. काहींची नीट भाषांतरित झाली, काहींची नुसती ओढून-ताणून बसवली.

या बदलात कुठलं नाव पुढे न्यायचं हे ज्याने त्याने ठरवलं. तिने वडिलांचं घेतलं नाही, आईचं घेतलं नाही. तिसरं घेतलं, कारण ते तिला सगळ्यांत सुंदर वाटलं. 'आलाटारिएल' हे सिंडारिनच्या नियमांतून गेलं आणि बाहेर आलं 'गालाड्रिएल'. सुरुवातीचा 'ग' परत आला, 'ट'चा 'ड' झाला, अर्थ शाबूत राहिला. म्हणजे जे नाव आपण सिनेमात इतक्या सहज ऐकतो, ते एका बंदीखाली केलेलं भाषांतर आहे. त्या बंदीत तिने जपलं ते स्वतः निवडलेलं नाव. म्हणूनच 'झाड की झळाळी' हा वाद मला नुसता क्विझचा वाटत नाही. झाड म्हटलं की तिची ती निवड पुसली जाते आणि ती फक्त पत्ता उरते : जंगलात राहणारी बाई.

आणखी एक गोष्ट. कादंबरीत लोरिएन सोडून निघालेल्या मंडळींना निरोप देताना ती एक गाणं म्हणते. ते क्वेन्यात आहे. सगळ्या कादंबरीतला तो सर्वांत लांब क्वेन्या मजकूर. बंदी घालणारा राजा तोवर कधीच इतिहासजमा झालाय; आणि ही, सिंडारिन नाव लावून, हजारो वर्षांनी, आपल्या भाषेत गाते.

केसांची गोष्ट

शेवटी त्या माळेबद्दल. १९५४ च्या पहिल्या खंडातच गिम्ली नावाचा बुटका, मागायला संकोच करत, तिच्याकडे एक केस मागतो, आणि ती त्याला तीन देते. तिथे या मागे काही जुनं आहे असं वाचकाला कळत नाही. ते जुनं टोल्किनने उशिरा लिहिलं आणि १९८० च्या 'अनफिनिश्ड टेल्स'मध्ये ते छापलं गेलं. त्यानुसार तिचे केस वडिलांसारखे सोनेरी, आणि त्यात आईकडची चांदीची झाक. तिचा काका फेआनोर, नोल्डोरमधला सर्वांत मोठा कारागीर, त्याने तीनदा तिच्याकडे केसांची बट मागितली. तिने तीनदा नाही म्हटलं. एक केससुद्धा दिला नाही. कारण त्याच्या मनातलं काळोखं तिला दिसत होतं. आता गिम्लीला मिळालेले तीन केस मोजून बघा.

म्हणजे आधी नाव आलं, नावाचा अर्थ पक्का झाला, आणि त्या अर्थातून म्हाताऱ्या टोल्किनने गोष्ट काढली. आपण पात्र लिहितो आणि मग नाव शोधतो; याचं उलटं.

आणि लोक त्या केसांबद्दल काय म्हणत? की दोन महावृक्षांचा, सोनेरी लॉरेलिन आणि रुपेरी टेल्पेरिऑनचा, प्रकाश तिच्या केसांत अडकून राहिलाय. सूर्यचंद्राच्या आधी जगाला उजेड देणारी ती दोन झाडं.

तेव्हा पुढच्या वेळी रूममध्ये वाद झाला तर निकाल असा द्या : नावाचा अर्थ झळाळी, आणि यात तडजोड नाही. पण 'झाड' म्हणणाऱ्याला चहा पाजायला हरकत नाही. ती झळाळी आली होती झाडांवरूनच.